अँटवर्प, १९२० : सहा खेळाडू आणि परक्या नियमांची परीक्षा

थ्रेड 🧵

जून २०२२. मेक्सिकोतील लिऑन शहरात युवा जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा सुरू होती. मुलींच्या ४० किलो वजनी गटात आमच्या मनमाडच्या आकांक्षा व्यवहारे हिने एकूण १२७ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. जंक्शनच्या या गावात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझ्या मनात मात्र एक जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढू लागला. आपल्या मुलखातून खेळाडूंचा पहिला संघ परदेशी स्पर्धेला गेला, तो कसा गेला? त्याला कोणी पाठवले, आणि तिथे त्याचे नेमके काय झाले?

हा थ्रेड त्या पहिल्या संघाविषयी आहे.

१/
उत्तर आहे १९२० चे अँटवर्प ऑलिंपिक. सहा खेळाडू, दोन व्यवस्थापक आणि एकही पदक नाही. समाजमाध्यमांवर ही कथा बहुधा दोन प्रकारे सांगितली जाते. पहिला प्रकार करुणेचा : गरीब, अनवाणी शेतकरी पोरे विलायतेला गेली आणि हरून आली. दुसरा अभिमानाचा : आमचा मल्ल पदकाच्या उंबरठ्यावरून परतला, नाहीतर इतिहास वेगळा असता. दोन्हींत थोडे तथ्य आहे. परंतु त्या सहा जणांसमोर जी खरी अडचण उभी होती, तिचा उल्लेख दोन्हींत होत नाही. ती अडचण नियमांची होती.

२/
प्रथम एक खुलासा. 'भारताचा पहिला ऑलिंपिकपटू' म्हणून नॉर्मन प्रिचर्ड यांचे नाव घेतले जाते. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा शर्यत या दोन प्रकारांत रौप्यपदके मिळवली. मात्र ते एकटे होते. त्यांच्यामागे ना निवड चाचणी होती, ना वर्गणी, ना देशातील एखादी संस्था. 'संघ' म्हणजे निवडलेला, खर्च करून पाठवलेला, सोबत व्यवस्थापक असलेला गट, असा अर्थ घेतला, तर सुरुवात १९२० पासूनच करावी लागते. आणि ती सुरुवात पुण्यात झाली.

३/
पुण्यातील डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. देशी आणि विलायती असे दोन्ही प्रकारचे खेळ एकाच संस्थेत खेळले जावेत, हा तिचा विशेष. १९१९ मध्ये जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा भरल्या, तेव्हा अध्यक्षपदी होते सर दोराबजी टाटा. जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव केंब्रिजमध्ये शिकलेले, तिथल्या मैदानांवर वाढलेले. इंग्लंडमधील खेळांची शिस्त त्यांच्या परिचयाची होती. त्यामुळे पुण्यात त्यांनी जे पाहिले, ते इतरांहून वेगळ्या नजरेने पाहिले.

४/
त्यांनी काय पाहिले, हे पुढे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना, काउंट बाये-लातूर यांना, त्यांनी पत्र पाठवले. त्यातील आशय असा : स्पर्धक बहुतेक शेतकरी कुटुंबांतले, शेतात राबणारे, खाणे जेमतेम. युरोपीय नियमांची त्यांना कल्पना नाही, आधुनिक प्रशिक्षणाचा गंध नाही. मैदान लहान आणि गवताळ, तेही न दाबलेले. शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून घ्यायची, आणि धावपटूंच्या मध्ये दोऱ्या बांधून रांगा आखण्याची पद्धतच ठाऊक नाही. तरीही हीच मुले लांब पल्ल्याचे अंतर अनवाणी पायांनी ज्या वेळात कापत होती, तो वेळ युरोपातील धावपटूंच्या तोडीचा होता.

५/
हे पत्र दोनदा वाचण्याजोगे आहे. पहिल्या वाचनात त्यातले कौतुक दिसते. दुसऱ्या वाचनात त्यातली यादी दिसते : मैदान, दोऱ्या, नियम, आहार, प्रशिक्षण. म्हणजे टाटांना एकाच वेळी दोन गोष्टी दिसल्या होत्या. क्षमता आहे, परंतु त्या क्षमतेचे मोजमाप जगाच्या मापाने करता येईल, अशी व्यवस्था नाही. पळणारा पाय पुण्यात होता. तो पाय किती वेगाने पळतो हे ज्या ट्रॅकवर, ज्या घड्याळाने आणि ज्या नियमांनी ठरायचे, ते सारे समुद्रापलीकडे होते.

६/
टाटांनी प्रस्ताव मांडला तो मर्यादित होता. तीन उत्तम धावपटूंना आपण स्वतःच्या खर्चाने अँटवर्पला पाठवू. तिथे योग्य आहार व इंग्रज प्रशिक्षक मिळाला, तर ते देशाचे नाव राखतील. त्याच पत्रात ते पुढे सांगतात की, या प्रस्तावाने पुण्यातील राष्ट्रवादी मंडळींची महत्त्वाकांक्षा चेतवली. तीनच का? संपूर्ण ऑलिंपिक संघच का नको? एका धनिकाच्या औदार्यातून निघालेली गोष्ट अशा रीतीने सार्वजनिक झाली.

७/
काळ लक्षात घ्या. एप्रिल १९१९ मध्ये जालियनवाला बाग घडली होती. दुसरीकडे त्याच वर्षी व्हर्सायच्या तहावर 'हिंदुस्थान' या नावाने स्वतंत्र सही झाली, आणि जानेवारी १९२० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाचा हिंदुस्थान संस्थापक सदस्य ठरला. स्वराज्य नाही, पण जगाच्या मंचावर वेगळी पाटी आहे, अशी ती विचित्र अवस्था होती. ऑलिंपिकमधील प्रवेश या विसंगतीतूनच शक्य झाला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी या कामी मध्यस्थी केली आणि हिंदुस्थानला ऑलिंपिक समितीचे निमंत्रण मिळाले. त्याच वर्षी दोराबजी त्या समितीचे सदस्यही झाले.

८/
१९२० च्या उन्हाळ्यात पुण्यात निवड चाचणी झाली. निवडले गेलेले सहा जण असे. धावपटू : बंगालचे बॅनर्जी, बेळगावचे फडेप्पा चौगुले, साताऱ्याचे दातार आणि कैकाडी. मल्ल : कुमार नवले आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे. व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि डॉ. फैजी. सरकारचे अनुदान, टाटांची मदत आणि लोकांची वर्गणी अशा तिन्ही वाटांनी पैसा उभा राहिला. आज ज्याला आपण 'प्रायोजक, सरकार आणि क्राउडफंडिंग' म्हणू, ती पद्धत शंभर वर्षांपूर्वी पुण्यात अशी जमून आली होती.

९/
आता नावांविषयी, कारण नावे हाही इतिहासाचाच पुरावा असतो. आंतरराष्ट्रीय नोंदपुस्तकांत साताऱ्याच्या धावपटूचे नाव रोमन लिपीत 'सदाशिर' दातार असे आढळते. रणधीर शिंदे तिथे 'शिंदेस' झाले आहेत. बॅनर्जींचे नाव 'पुर्मा' आहे. मराठी माणसाला 'सदाशिर' वाचताच कळते की हा सदाशिव आहे. हस्ताक्षरातील रोमन 'व्ही' कोणीतरी 'आर' म्हणून वाचला असावा. 'पुर्मा' हेही 'पूर्णा'सारख्या एखाद्या नावाचे चुकलेले वाचन असावे, असा माझा तर्क आहे. एका परक्या कारकुनाच्या नजरचुकीने झालेली ही नामांतरे शंभर वर्षे तशीच छापली जात आहेत.

१०/
'कैकाडी' या नावापाशी अधिक थांबावे लागते. आडनावावरून माणसाची जात ठरवू नये, हे खरे. परंतु कैकाडी हे एका समाजाचेही नाव आहे, आणि इंग्रजी राजवटीने ज्या समाजांना जन्मतः 'गुन्हेगार जमाती' ठरवून पोलिसांच्या हजेरीला बांधले, त्यांत हा समाज होता. त्या कायद्याखाली नोंदल्या गेलेल्या माणसाला वस्ती सोडून जायलाही परवानगी लागे. ज्या राज्यात हे नाव पोलिसांच्या नोंदवहीत होते, त्याच राज्याच्या संघाच्या यादीत तेच नाव एका धावपटूचे आडनाव म्हणून आले. या एका योगायोगातून त्या काळाची गुंतागुंत ध्यानात यावी.

११/
जून १९२० मध्ये संघ मुंबईहून जहाजाने निघाला. एडन, सुएझ, भूमध्य समुद्र असा तो आठवड्यांचा प्रवास. रोज मैलोगणती धावणाऱ्या माणसाला जहाजाच्या डेकवर किती धावता येणार? मल्लाला दंड-बैठका मारता येतील, पण जोडीला कोण? आज विमानाने चौदा तासांत पोहोचणारा खेळाडूसुद्धा हवा-पाण्याशी जुळवून घ्यायला काही दिवस मागतो. या सहा जणांनी इंग्लंडमध्ये काही आठवडे इंग्रज प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव केला. घड्याळ लावून धावण्याची, रांगेत राहून धावण्याची ती शिकवणी स्पर्धेच्या अगदी तोंडावर मिळाली.

१२/
संघ समुद्रापलीकडे असतानाच, १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्याच दिवशी गांधीजींच्या असहकार चळवळीला प्रारंभ झाला. ज्या पुण्याने हा संघ घडवला, त्या पुण्याचे सारे लक्ष अर्थातच खेळाकडून दुसरीकडे वळले. दोनच आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, अँटवर्पच्या मैदानात बॅनर्जी हातात ध्वज घेऊन संघाच्या पुढे चालले. तो ध्वज ब्रिटिश सत्तेचा होता. देशात असहकार आणि मैदानात सहभाग, या दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात घडल्या.

१३/
अँटवर्प शहराची अवस्थाही सांगितली पाहिजे. पहिल्या महायुद्धात बेल्जियम जर्मन सैन्याच्या टाचेखाली भरडला गेला होता. युद्ध थांबून दोन वर्षेही झाली नव्हती. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांना निमंत्रणच नव्हते. पाच कड्यांचा ऑलिंपिक ध्वज ऑलिंपिकमध्ये प्रथम फडकला तो इथेच, आणि खेळाडूंच्या वतीने पहिली शपथ घेतली गेली तीही इथेच. आज आपण ज्याला ऑलिंपिकचा विधी समजतो, तो घडत असतानाच आपला पहिला संघ तिथे उभा होता.

१४/
प्रथम धावपटूंकडे वळू. बॅनर्जी १०० आणि ४०० मीटरच्या प्राथमिक फेरीतच बाद झाले. ट्रॅकवरील लांब पल्ल्याच्या शर्यतीतही आपले कोणी पुढे गेले नाही. राहिली मॅरेथॉन, म्हणजे ज्या प्रकाराने टाटांना मुळात चकित केले होते ती शर्यत. २२ ऑगस्टला, पावसाळी थंड हवेत, चौगुले आणि दातार सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुल्यांनी ती पूर्ण केली. क्रमांक १९ वा. वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद.

१५/
हा आकडा नीट समजून घेऊ. अँटवर्पच्या मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ऑलिंपिकच्या इतिहासातील ही सर्वांत लांब मॅरेथॉन. आजचे प्रमाणित अंतर ४२.१९५ किलोमीटर. ते १९२१ मध्ये निश्चित झाले. म्हणजे चौगुले आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक धावले. हिशेब केला, तर त्यांची गती दर किलोमीटरला जवळजवळ चार मिनिटे येते. त्याच गतीने आजचे अंतर धावले असते, तर वेळ २ तास ४८ मिनिटांच्या आसपास भरला असता.

१६/
विजेते होते फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन, वेळ २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंद. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकलेला हा माणूस. चौगुले आणि त्यांच्यात अंतर अठरा मिनिटांचे. ते मोठे आहे, यात शंका नाही. मात्र एका बाजूला दशकभराचा आंतरराष्ट्रीय अनुभव, तर दुसऱ्या बाजूला काही आठवड्यांची शिकवणी होती. ज्यांनी मॅरेथॉनसाठी सराव केला आहे, त्यांना विचारून पाहा, चार मिनिटांत एक किलोमीटर या गतीने बेचाळीस किलोमीटर धावणे म्हणजे काय. करुणेची कथा इथे लागू पडत नाही.

१७/
आता कुस्ती. कोल्हापूर हे त्या काळी कुस्तीचे पीठ होते. रोमचे कलोसियम पाहून आलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी तसेच कुस्तीचे मैदान आपल्या राजधानीत असावे म्हणून खासबाग मैदान उभारले. तिथल्या परंपरेत कुस्ती म्हणजे हौद्यातील लाल माती. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली. जोड लावायची ती वस्तादाने, नजरेने. काटा-तराजू नाही. निकाल एकच : चीतपट. वेळेचे बंधन नाही; कुस्ती निकाली होईना, तर बरोबरीत सोडवायची. लांगेला हात घालून डाव मारणे हा तर या कलेचा भागच.

१८/
अँटवर्पमध्ये यांतील एकही गोष्ट नव्हती. मातीऐवजी गादी. नजरेऐवजी वजनकाटा. मर्यादित वेळ, आणि त्या वेळेत चीत झाली नाही, तर पंच ठरवतील तो विजयी. प्रतिस्पर्ध्याच्या कपड्याला हात लावणे निषिद्ध. मातीत पाय रुततो, त्यामुळे पकड सावकाश बसते आणि ताकदीला वाव मिळतो. गादीवर पाय सरकतो, त्यामुळे चपळाईने आणि सतत चढाई करणाऱ्याला लाभ होतो. जो मल्ल पंधरा-वीस मिनिटे अंदाज घेऊन मग डाव टाकायला शिकला आहे, त्याला सांगायचे की तेवढा वेळच नाही!

१९/
या परिस्थितीत रणधीर शिंदे यांनी काय केले, ते पाहा. ६० किलो गट, 'कॅच-ॲज-कॅच-कॅन' प्रकार, म्हणजे आजच्या फ्रीस्टाइलचे पूर्वरूप. त्यांनी ब्रिटनच्या हेन्री इनमन यांना हरवून उपांत्य फेरी गाठली. तिथे अमेरिकेच्या सॅम गर्सन यांनी त्यांचा पराभव केला. कांस्यपदकाच्या लढतीत ब्रिटनच्या बर्नार्ड यांनी त्यांना हरवले. क्रमांक चौथा. दुसरे मल्ल कुमार नवले मधल्या वजनी गटात अमेरिकेच्या चार्ल्स जॉन्सन यांच्याशी पहिल्याच लढतीत हरले. जॉन्सन पुढे त्या गटातील कांस्यपदकाचे मानकरी ठरले.

२०/
'पदक लुबाडले' असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. शिंदे यांच्या गटातील सुवर्ण मिळवणारे चार्ल्स अकर्ली आणि रौप्य मिळवणारे गर्सन हे दोघेही अमेरिकेतील विद्यापीठीय कुस्तीतून आलेले. एक कॉर्नेलचा, दुसरा पेनसिल्व्हेनियाचा. गादी, वेळेची मर्यादा, पंचांचा निर्णय या गोष्टी त्यांच्या विद्यार्थिदशेचाच भाग होत्या. हौद्यातून थेट गादीवर आलेला कोल्हापूरचा मल्ल त्यांच्या मांडीला मांडी लावून पहिल्या चारांत बसला, हेच मुळात विलक्षण आहे. त्या दिवशी शिंदे दोन प्रतिस्पर्ध्यांशी लढत होते : समोरचा मल्ल आणि नियमांचे पुस्तक.

२१/
मग या प्रवासातून निष्पन्न काय झाले? पदकांच्या तक्त्यात शून्य. परंतु परतल्यानंतर 'देशपातळीवर संघटना हवी' ही जाणीव पक्की झाली. फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय ऑलिंपिक स्पर्धा भरल्या आणि त्यांतून पॅरिससाठी संघ निवडला गेला. १९२७ मध्ये इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली. पहिले अध्यक्ष दोराबजी टाटा. आणि १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला हॉकीचे सुवर्णपदक आले. या साखळीची पहिली कडी अँटवर्पची आहे.

२२/
कुस्तीपुरते मात्र तसे घडले नाही. तिथे शिकलेला धडा पुढच्या मल्लापर्यंत पोहोचला नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव गेले, तेव्हा अठ्ठावीस वर्षे उलटून गेली होती. तरीही गादी त्यांच्यासाठी नवीनच होती. ते सहावे आले. तिथे अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांच्याकडून त्यांनी गादीवरील कुस्ती समजून घेतली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

२३/
शिंदे ते जाधव, चौथा क्रमांक ते कांस्यपदक, हे अंतर बत्तीस वर्षांचे. ताकद तीच, माती तीच, डावही बव्हंशी तेच. या बत्तीस वर्षांत कोल्हापूरच्या तालमींत एक गादी आणि एक नियमपुस्तक पोहोचले असते, तर? 'जर-तर' हा इतिहासाचा विषय नव्हे, हे मान्य. पण एका पिढीने मोठी किंमत मोजून मिळवलेला अनुभव दुसऱ्या पिढीला पुन्हा तीच किंमत मोजून मिळवावा लागला, हे 'जर-तर' नव्हे. ते घडलेले आहे.

२४/
परदेशी जाण्याची दुसरीही एक वाट होती. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तिथे गेले, ते स्पर्धेसाठी नव्हे, तर भारतीय व्यायामप्रकार आणि कबड्डी दाखवण्यासाठी. १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी स्थापलेली ही संस्था. तिथे नियम आपले होते. पण म्हणूनच तिथे निकालही नव्हता. होत्या त्या टाळ्या. त्यांचा खेळ ती स्पर्धा, आमचा खेळ ते प्रदर्शन, अशी ही वाटणी होती.

२५/
ती वाटणी मोडायला फार काळ गेला. कबड्डीला आशियाई स्पर्धांत पदकाचा दर्जा मिळाला तो १९९० मध्ये, बीजिंगला. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली फेब्रुवारी २०१९ मध्ये, मुंबईच्या शिवाजी पार्कवर. तेव्हा परदेशी संघ आपल्या नियमांनी गुण मिळवण्यासाठी दादरला आले. १९२० मध्ये शिंद्यांना जे करावे लागले, तेच शंभर वर्षांनी उलट दिशेने घडले : पाहुणे आपला खांब, आपली पकड आणि आपली गुणपद्धत शिकून मैदानात उतरले.

२६/
आता पुन्हा मनमाडकडे. वेटलिफ्टिंगमध्ये महिलांच्या स्पर्धेतील लोखंडी दांडा पंधरा किलोचा असतो. तो जगात कुठेही पंधराच किलोचा असतो. स्नॅच म्हणजे काय, क्लीन अँड जर्क म्हणजे काय, पंच कधी पांढरा दिवा लावतात आणि कधी लाल, हे गावच्या व्यायामशाळेत सराव करणाऱ्या मुलीला पहिल्या वर्षीच कळते. लिऑनच्या मंचावर पाऊल ठेवताना तिला नवे असते ते शहर, भाषा आणि प्रेक्षक. दांडा तोच असतो. १९२० च्या सहा जणांना ही एवढी साधी गोष्ट मिळाली नव्हती.

२७/
म्हणून त्या सहा जणांना 'हरलेले' म्हणताना मला अवघडल्यासारखे होते आणि 'थोडक्यात हुकलेले वीर' म्हणतानाही. ते परीक्षेला बसले तेव्हा अभ्यासक्रम त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. तो कसा असतो हे पाहून येणारे ते पहिले. परतल्यावर त्यांना कोणी सविस्तर विचारले असते, लिहून घेतले असते, तर कदाचित खाशाबांची वाट थोडी जवळची झाली असती. खेळाचा इतिहास म्हणजे पदकांची यादी, असे आपण धरून चालतो. त्यामुळे ज्यांनी फक्त अनुभव आणला, त्यांची साधी नावेसुद्धा आपण नीट जपली नाहीत.

२८/
शेवटी एक विनंती. बेळगाव, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतील कुणाच्या घरी चौगुले, दातार, कैकाडी, शिंदे किंवा नवले यांच्याविषयी जुने छायाचित्र, पत्र, प्रमाणपत्र, वर्तमानपत्राचे कात्रण असेल, आजोबा-पणजोबांकडून ऐकलेली आठवण असेल, तर खाली अवश्य लिहा. निदान 'सदाशिर'चा सदाशिव आणि 'शिंदेस'चे शिंदे एवढी दुरुस्ती तरी आपल्या पिढीने करावी, असे वाटते.

थ्रेड समाप्त. 🙏